बिनासेलाचा बिल्ला

नामदेव इंगोले दाराकडे पाठ करून बसायचा आणि शेळी उंबऱ्यात आली की न वळता तिचं नाव सांगायचा. "चंद्री आली. मांगून सुंदरी. अन् हे तिसरी आपली नाई, महादेवची हाये. हाकला तिले."

किन्हीराजा गावात हे सगळ्यांनी पाहिलं होतं आणि सगळ्यांचं मत एकच होतं: फौजेत डोकं फिरलं. फौजेत तो वायरलेस दुरुस्त करायचा. रेडिओला लायसन लागायचं त्या सत्तरच्या दशकात तो गावी परतला आणि लोकांचे रेडिओ दुरुस्त करू लागला. जीव मात्र रेडिओत नव्हता, बिल्ल्यांत होता. दोऱ्याच्या रिकाम्या रिळावर तांब्याची बारीक तार गुंडाळायची, जुन्या रेडिओतला कंडेन्सर जोडायचा, मेणात बुडवायचं आणि गावातल्या कुणाच्याही शेळीच्या गळ्यात बांधायचं. दाराच्या चौकटीला तारेचं मोठं वेटोळं होतं. त्यातून त्याचं यंत्र हवेत हाक सोडायचं. तो बटण सारखं मागंपुढं फिरवत राही. ज्या आकड्यावर काटा दचकून खाली पडे, तो त्या शेळीचा आकडा.

"पण या बिल्ल्यात सेल कुठं आहे?" मी विचारलं होतं.

"सेल कायले पाह्यजे, मास्तर? आपुन हाक मारतो. थ्या हाकेतलीच चिमूटभर थो घेते अन् तिच्यावरच ओ देते. गरिबाचं काम हाये हे. सोताचं काईच नाई."

मी गावात शिक्षक होतो, विज्ञान शिकवायचो, आणि माझा यावर विश्वास बसत नव्हता. हा माणूस खुरांच्या आवाजावरून शेळ्या ओळखतो आणि आपल्याला बनवतो, असं मला वाटे. त्याची बायको पारबता जन्माची मुकी. तो बाहेर गेला की ती यंत्रापाशी बसे. आकड्यांच्या पट्टीवर तिनं एके ठिकाणी लाल रंगाचा ठिपका लावला होता; तो तिचा आकडा, असं सगळे धरून चालत. ती तापानं गेली, त्यानंतर त्या ठिपक्यावर काटा कधी पडला नव्हता.

एकदा नामदेव विहिरीवर गेला असताना त्याचं खरंखोटं करायला मी आतल्या भिंतीवरच्या खिळ्यावरून एक बिल्ला काढून खिशात घातला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चपला बाहेर ठेवून, पाऊल न वाजवता आत गेलो. आत शेजारी महादेव ट्रान्झिस्टर न्यायला आला होता. काटा धाडकन पडला. लाल ठिपक्यावर.

नामदेव वळला नाही. काही वेळ काट्याकडे पाहत राहिला. मग उठला, चुलीवर चहा ठेवला आणि दोन कप काढले.

"अरे बाप्पा!" महादेव ओरडला. "पारबता आली!" ट्रान्झिस्टर तिथंच टाकून तो पळाला, तोही माझ्या चपला घालून.

मी तेव्हाच खिशात हात घालायला हवा होता. पण शिक्षकानं चोरी केली हे कोणत्या तोंडानं सांगणार? दिवे लागायच्या आत गावभर झालं. बाया त्या गल्लीतून पाण्याला जाईनात. लोकांनी आपापले रेडिओ परत नेले. शेळ्यांच्या गळ्यातले बिल्ले कापून त्याच्या दारात फेकले, "ठेव तुहे भुताचे ताईत!" म्हणून. त्यानं ते निमूट गोळा केले, तार उकलून वेगळी ठेवली.

त्याच्याकडे जाणारा आता मी एकटाच उरलो होतो, आणि हे सारं माझ्यामुळेच झालं होतं. बिल्ला घेऊन मी रोज संध्याकाळी जायचो. एक दिवस मुद्दाम घरी ठेवून गेलो. चहा नाही, बोलणं नाही. नुसतं बटण फिरवत, डोळे ठिपक्यावर ठेवून तो बसून राहिला. दुसऱ्या दिवशी मी बिल्ला पुन्हा खिशात घातला.

आणि त्यानं हाक लांबवायला घेतली. उकललेल्या तारेचं वेटोळं चौकटीवरून अंगणाला गेलं, अंगणावरून कुंपणाला. आकडा जरा जरी हलला की तो मेण नव्यानं तापवी, सांधा नव्यानं जोडी. "ओ लांबून आली पाह्यजे," एवढंच म्हणे. पूर्वी मी उंबऱ्यात आलो की काटा पडे. मग फाटकात आलो की पडू लागला. एकदा मी कुंपणाबाहेरच थबकलो, तर आत त्याची पाठमोरी आकृती उठली आणि चुलीकडे गेली. वाटलं, तिला खरोखर मीच घेऊन येतो आहे.

वर्षभरानं मला सहन होईना. मी बिल्ला त्याच्यापुढं ठेवला. "नामदेवभाऊ, वहिनी कधी आल्याच नाहीत. मी होतो. त्यांचा बिल्ला मी चोरला."

त्यानं तो उलटसुलट करून पाहिला. "तिचा? तिले कायले बिल्ला? थे तं घरीच राहे. हा माहा हाये."

"तुमचा?"

"दारावर कोनी आलं तं 'कोन हाये' असं तिले विचारता ये नाई. लय भे. म्हून मी हा केला. काटा लालवर पडला का समजायचं, आपलाच मानूस हाये. मंग थे चाय ठेवे."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"खिळा रिकामा दिसला नाई काय मले?"

"मग गावाला सांगितलं काहून नाही?" त्याच्यासारखंच बोललो मी.

"सांगतलं असतं तं तुमी आले असते काय?" त्यानं यंत्राकडे बोट केलं. "तिच्या जागेवर बसून पाह्यलं, मास्तर. कोनीतरी आपल्याकडं येऊन राह्यलं, हे पाहाले कसं वाटते, मले मालूमच नव्हतं. येनारा तं मीच होतो ना. थे हात पसरून दाखवे, खुनेनं म्हने, 'लांबून समजू दे. काटा पडते अन् तुमी दारातच, चाय ठेवू कधी?' मी म्हनो, शेळ्याइचं झालं का करतो."

गावात मात्र मी तोंड उघडलं नाही. तो "राहू द्या" म्हणाला आणि मला तेवढं निमित्त पुरलं. त्याच्या घराला भुताचं घर म्हणतात ते माझ्यामुळे. तो गेला, मीही आता थकलो, म्हणून हे लिहून ठेवतो.

कबुली दिली त्या दिवशी त्यानं बिल्ला माझ्या हातात परत दिला. "जा, थ्या चिचेपासून हळूहळू या. पाहू."

मी गल्लीच्या टोकाच्या चिंचेपर्यंत गेलो आणि वळलो. दहा पावलं चाललो असेन. दूर, उघड्या दारातून, तो जागेवरून उठताना दिसला.

मी पोचलो तेव्हा चहा कपात ओतलेला होता. त्यानं कप माझ्याकडे सरकवला.

"आता पुरते टाइम," तो म्हणाला.