सातव्या दिवसाची सही

सातव्या दिवशी दुपारी बारा वाजता साहेबांना जाग आली तेव्हा त्यांचा शर्ट छातीपर्यंत वर गेलेला होता, पोटावर पेपर पसरलेला होता आणि पेपराखाली बेंबीच्या डाव्या बाजूला शिंप्याच्या खडूची निळी फुली होती.

"अगं, झालं का?"

आतल्या खोलीतलं मशीन थांबलं. "काय झालं का?"

"इंजेक्शन."

"दिलं ना." मग जरा वेळाने बाई मशीनवरून उठून दारात आल्या. "दिलं ना?"

"मला काय विचारतेस? दुखण्याच्या गोळीने माझा डोळा लागला होता. सुई तुझ्या हातात असते."

"आणि पोट कुणाचं असतं?"

साहेब म्हणजे निवृत्त लिफ्ट इन्स्पेक्टर आणि बाई म्हणजे त्यांची बायको, तिसऱ्या मजल्यावर राहत्या घरातच कोट-पॅन्ट शिवणारी. साहेबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून घरी आल्यावर दहा दिवस, रोज सकाळी दहाला, पोटावर एक इंजेक्शन घ्यायचं होतं. हॉस्पिटलमधल्या सिस्टरने दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, "एकही चुकवायचं नाही. गुठळी झाली आणि फुप्फुसात गेली तर जिवावर बेतेल. आणि एका दिवसात दोन तर अजिबात द्यायची नाहीत. रक्त इतकं पातळ होईल की आतल्या आत वाहत राहील." 

टोचायचं काम बाईंकडे होतं. बेंबीपासून दोन इंच टेपने मोजायचे, खडूने फुली मारायची, एक दिवस डावीकडे, एक दिवस उजवीकडे, कातडी चिमटीत धरायची, सुई सरळ आत, दट्ट्या हळूहळू शेवटपर्यंत, आणि नंतर चोळायचं नाही. साहेब या काळात डोळे घट्ट मिटून घेत. चाळीस वर्षं लिफ्टच्या खड्ड्यात उतरून तारा तपासलेला माणूस बोटभर सुईसमोर भिंतीकडे तोंड करायचा, आणि हे बाहेर कुणाला सांगायचं नाही असं बाईंना बजावून ठेवलेलं होतं.

"आज नेमकं काय झालं ते आठव," साहेब म्हणाले.

"दहाला हात धुतले. फुली मारली. सुई खोक्यातून काढली. तेवढ्यात बेल वाजली, वकीलसाहेब आले. अकराला कोर्टात उभं राहायचं होतं आणि कोटाची बाही आखूड."

"ते आल्यावर टोचलंस की यायच्या आधी?"

बाईंनी डोळे मिटून आठवून पाहिलं. सुई टोचतानाचं सगळं स्वच्छ दिसत होतं. पण ते आजचं होतं की कालचं, हे काही केल्या कळेना. सहा दिवस तोच पलंग, तीच चिमटी आणि भिंतीकडे वळलेलं तेच तोंड.

"चार्ट!" साहेबांचा चेहरा उजळला. "चार्ट कशाला आहे मग?"

हॉस्पिटलने दहा रकान्यांचा कागद दिला होता. इंजेक्शन झालं की रकान्यात सही करायची. साहेबांनी तो फ्रिजवर लावला होता आणि ते खातं स्वतःकडे घेतलं होतं, कारण नोंदींच्या बाबतीत उभ्या नोकरीत त्यांच्याकडे कुणी बोट दाखवलेलं नव्हतं. वॉकरचा खडखडाट करत ते स्वयंपाकघरात गेले. सातव्या रकान्यात त्यांची झोकदार सही होती.

"ही बघ. सही आहे म्हणजे झालंय."

बाईंचा जीव भांड्यात पडला. चष्मा लावून त्यांनी नीट पाहिलं आणि भांडं पुन्हा रिकामं झालं. "अहो, आठव्या रकान्यातही आहे."

साहेबांनी वॉकर मागे सरकवला.

"नवव्यातही आहे. दहाव्यातही."

"पहिल्याच दिवशी करून टाकल्या," साहेब म्हणाले. "रोज कुठे पेन शोधत बसायचं? ऑफिसात आम्ही आठवड्याच्या सह्या सोमवारीच उरकायचो. कामाचा खोळंबा होत नाही."

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. बोलण्यासारखं बरंच होतं, पण वेळ नव्हता.

मग पोटाची पाहणी झाली. जिथे जिथे सुई गेली होती तिथे निळसर डाग होते, ते मोजायचे ठरले. साहेबांनी हातात आरसा धरला, बाईंनी टेपच्या टोकाने मोजले. एकदा सहा भरले, एकदा सात, कारण दोन डाग एकमेकांत मिसळून गेले होते आणि एक डाग आहे की जन्मखूण यावर पंचवीस वर्षांत प्रथमच मतभेद झाला.

"खडूची फुली आहे ना ताजी," साहेब म्हणाले.

"माप घेतलं म्हणजे कोट शिवून झाला का?"

वापरलेल्या सुयांच्या जाड पिवळ्या डब्याकडे साहेबांनी पाहिलं, पण त्यात हात घालायचा नाही, झाकण उघडायचं नाही, ही सिस्टरची सक्त ताकीद होती. तेव्हा राहिलं खोकं. खोक्यात दहा इंजेक्शनं होती. बाईंनी उघडून पाहिलं तर तीन शिल्लक.

"दहातून तीन गेले, सात," साहेब म्हणाले. "सातवा दिवस, सात इंजेक्शनं. मिटलं. मी उगाच तुझ्या बोलण्यात येतो."

बाई "हो" म्हणाल्या, पण हलल्या नाहीत. साहेबही हलले नाहीत. ते वॉकरच्या रबरी मुठीवरून अंगठा फिरवत राहिले. हा अंगठा फिरू लागला की काहीतरी बाहेर पडणार, हे बाईंना ठाऊक होतं.

"सहा," साहेब शेवटी म्हणाले.

"काय सहा?"

"टोचलेली सहाच असणार. एक मी तपासायला घेतलं होतं. पहिल्याच दिवशी, तू आंघोळीला गेलीस तेव्हा. कुठलाही माल आला की त्यातला एक नग तपासायचा असतो. आणि आत बघतो तर हवेचा बुडबुडा! मी दट्ट्या दाबून तो काढायला गेलो, तर हवेबरोबर औषधही उडालं आणि सुईवर ते वापर झाल्यावर आपोआप बसणारं प्लास्टिकचं कव्हर खटकन बसलं. मग टाकलं पिवळ्या डब्यात."

"तो बुडबुडा असायचाच असतो! काढायचा नाही म्हणून सिस्टरने दोनदा सांगितलं."

"तेव्हा माझं लक्ष पंख्याकडे होतं. पंखा हलत होता."

म्हणजे आजचं राहिलं होतं. बाईंनी पुन्हा हात धुतले, नवी सुई काढली, साहेबांनी सवयीने भिंतीकडे तोंड केलं. फुली होतीच. बाईंची बोटं टोपणावर गेली आणि तिथेच थांबली.

"दे ना," भिंत म्हणाली.

"थांबा." बाईंनी सुई टोपणासकट पलंगावर ठेवली आणि स्वतःही बसल्या. "मीही एक वाया घालवलंय. पहिल्या दिवशी हात कापत होता म्हणून कोटाच्या खांद्यात घालायच्या पॅडवर टोचून पाहिलं. तुम्हाला कळलं असतं तर वर्षभर ऐकवलं असतं. म्हणून चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानात गेले, तर तिथे दोनचंच पाकीट होतं. दोन्ही खोक्यात ठेवली."

साहेब भिंतीवरून वळले. दोघांनी मिळून हिशेब केला. मूळची दहा. साहेबांचं एक वजा, बाईंचं एक वजा, वर दोन. पुन्हा दहा. शिल्लक तीन. गेली सात.

"म्हणजे दिलंय," साहेब हळू आवाजात म्हणाले.

"आणि मी आत्ता दुसरं देणार होते." बाईंनी पलंगावरची सुई उचलून खोक्यात ठेवली. "माझ्या हाताने."

साहेबांनी त्यांचा हात धरला. पंधरा वर्षांत त्यांनी तो असा भरदुपारी धरला नव्हता. "दिलं नाहीस ना? मग झालं तर. लाव सिस्टरला फोन."

सिस्टरने सगळं ऐकून घेतलं. सह्यांचं तिने दोनदा विचारून घेतलं. "अंदाजाने दुसरं देऊ नका," ती म्हणाली. "डॉक्टर ऑपरेशनमध्ये आहेत, बाहेर आले की विचारून कळवते. तोवर हिरड्यांतून, नाकातून, लघवीतून रक्त दिसलं, जखम वाहायला लागली, पोटरी सुजली, छातीत दुखलं किंवा धाप लागली तर फोनची वाट बघू नका, सरळ इकडे या."

पुढचा दीड तास त्या घरात कुणी जेवलं नाही. साहेब दर दहा मिनिटांनी आरशात हिरड्या बघत. बाई पोटरीला टेप लावत आणि कापडाच्या चिंधीवर खडूने माप लिहीत. सव्वातेरा इंच. सव्वातेरा. तिसऱ्यांदा साडेतेरा भरली तेव्हा त्यांनी हॉस्पिटलला जायला चपला पायात सरकवल्या. मग लक्षात आलं की टेप पायजम्यावरून लावली आहे. साहेबांना धाप लागली की नाही हे पाहायला त्यांनी इतक्या वेळा श्वास मोजला की धाप लागल्यासारखं वाटू लागलं.

दोन वाजता बेल वाजली. दारात वकीलसाहेब होते, अंगात बाही सोडलेला काळा कोट.

"बाही उत्तम बसली," ते म्हणाले. "पण वहिनी, आज कोर्टात माझी शोभा झाली. न्यायाधीशांनी तारीख विचारली, म्हणून चष्मा काढायला खिशात हात घातला आणि भर कोर्टात हे बाहेर निघालं." त्यांनी टेबलावर टोपण लावलेलं, औषधाने भरलेलं इंजेक्शन ठेवलं. "तब्येत बरी नसेल तर पुढची तारीख देतो म्हणाले."

बाईंनी ते उचलून पाहिलं. फिटिंग करताना हातात जे असेल ते समोरच्या कोटाच्या वरच्या खिशात ठेवायची त्यांची जुनी सवय होती. खडू, टेप, टाचण्यांची डबी. गिऱ्हाईकं आठवड्यातून एखादी वस्तू आणून देतच. आज सुईची पाळी होती.

"म्हणजे सातवं खोक्यातून निघालं," साहेब म्हणाले, "पण माझ्यापर्यंत पोचलं नाही."

"दिलं नाही! नाहीच दिलं!" बाई एकदम रडू आणि हसू दोन्ही फुटल्यासारख्या बोलल्या. वकीलसाहेबांना यात आनंदाचं काय आहे ते कळेना, पण आपली केस जिंकल्याचं सांगायची ही वेळ नव्हे हे त्यांना कळलं आणि ते गेले.

सिस्टरचा फोन आला तेव्हा बाईंनी एका दमात सगळं सांगितलं. "डॉक्टर इथेच आहेत, विचारते," सिस्टर म्हणाली आणि मिनिटभराने परत आली. "आजचं आत्ता द्या. कोर्टात जाऊन आलेलं नको, नवं द्या. उद्याचं उद्या दहालाच, आणि एकच. तो चार्ट फाडा. नव्या कागदावर सही टोचून झाल्यावर, आणि टोचेल त्याने करायची."

पावणेतीनला इंजेक्शन झालं. साहेबांनी या वेळी डोळे उघडे ठेवले, कारण साक्षीदार हवा होता. बाईंनी नव्या कागदावर वेळ लिहिली, सही केली आणि कोर्टातून आलेलं इंजेक्शन पिवळ्या डब्यात टाकलं. आता खोक्यात दोनच उरली होती आणि दिवस तीन होते.

चहा घेताना बाईंनी सहज विचारावं तसं विचारलं, "अहो, ऑफिसात सोमवारीच सह्या करायचात, त्या कसल्या?"

"तपासणीच्या."

"लिफ्टच्या?"

"तपासायचोही मी," साहेब चहात बघत म्हणाले. "सही आधी व्हायची, एवढंच."

दुसऱ्या दिवशी दहाचं इंजेक्शन देऊन, सही करून, बाई औषधाच्या दुकानात जायला निघाल्या. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावरच उभी होती. त्या आत गेल्या, जाळीचं दार ओढलं आणि बटण दाबायच्या आधी समोरच्या काचेतला तपासणीचा कागद आयुष्यात पहिल्यांदा वाचला. खाली तीच झोकदार सही होती. सहीशेजारची तारीख साहेब निवृत्त झाल्यानंतर सात महिन्यांची होती.

बाईंनी जाळीचं दार अलगद उघडलं, पाय बाहेर टाकला आणि कठडा धरून जिन्याने खाली उतरल्या.