धावपट्टीवरचा दहावा

प्रवास आखावा तर मीच, असं माझं ठाम मत होतं. बाबा आमच्याकडे अमेरिकेत बेलव्ह्यूला आले असताना अचानक गेले, तेव्हाही मी खचलो नाही. दहाव्याच्या आत अस्थी आणि आईला घेऊन नाशिक, गोदावरीवर पिंड, मग फ्लॅट विकून आईला कायमचं इकडे. सगळं ठरलं होतं. फक्त आईला सांगायचं राहिलं होतं.

समुद्रावर विमानाचं एक इंजिन बंद पडलं आणि आम्ही अलास्काच्या शेपटीकडच्या एका बेटावर उतरलो. महायुद्धात लष्करानं बांधलेली लांबलचक धावपट्टी, गंजलेली हँगर आणि वारा. दुसरं विमान परवा येणार होतं. दहावा उद्यावर आला होता.

"इथेच करू," कलश मांडीवर धरून आई म्हणाली. "कावळा कुठेही कावळाच."

सकाळी विमानातल्या जेवणाच्या भाताचा पिंड वळला, बनवरचे तीळ खरवडून त्यावर घातले आणि टर्मिनलमागच्या कुंपणापाशी ठेवला. कावळा आलाही, आपल्याकडच्यापेक्षा दुप्पट! तेवढ्यात वॉल्ट नावाचा माणूस पिकअपमधून भोंगा वाजवत आला. धावपट्टीवरचे पक्षी हाकलणं हीच त्याची नोकरी होती.

मी त्याला सगळं समजावलं. त्यानं टोपी काढली.

"सॉरी, मॅन. मी थांबतो," म्हणत तो गाडीतच बसून राहिला.

कावळा मात्र लांबच्या खांबावरून हलेना. आई रडायला लागली. "यांचा जीव अडकलाय कशात तरी. प्रथमेश, बोल काहीतरी."

मी हात जोडले. "बाबा, काळजी नको. फ्लॅट विकतो, आईला बेलव्ह्यूला नेतो."

कावळा आणखी पुढच्या खांबावर गेला.

"फ्लॅट विकतोस?" आईचं रडं थांबलं. "मला विचारलंस कधी?"

"अगं, तू एकटी कशी मॅनेज करणार?"

ती हात जोडून पुढे झाली. "अहो, मी नाशिकलाच राहते. आपल्या घरात. जमेल मला. तुम्ही जा आता."

कावळा थेट उतरला आणि पिंडाला चोच लावली. बाबा गेल्यापासून मला रडू आलं नव्हतं, ते तिथे आलं.

वॉल्ट माझ्याजवळ आला. "तो गाडीच्या इंजिनाच्या आवाजाला बिचकतो," इंग्रजीत हळूच म्हणाला. "मी आत्ता बंद केलं."

"काय म्हणतोय रे?" डोळे पुसत आईनं विचारलं.

"म्हणतोय," मी म्हटलं, "बाबांना पोचलं."