काकांनी न दाखवलेलं फूल

कुणाबद्दल लिहावं एवढा माझा अधिकार नाही. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. त्यातून, हॅमिल्टनला ज्यांच्या बेसमेंटमध्ये राहतो त्या देवधरकाकांची मला अजून भीती वाटते. तरी लिहितोय, चुकलं तर माफ करा.

काकांच्या किचनच्या दारामागे वीस पावलांवर घळ आहे. पण काका तिथे जायला पुढच्या दारानं निघत. हातात ग्रोसरीची पिशवी घेऊन दोन चौक उलट्या दिशेनं चालत आणि मग वळसा घालून घळीत उतरत. कुणी मागावर राहू नये म्हणून. घळीत वुड पॉपीची दोन रोपं होती. हे रानफूल कॅनडात नामशेष व्हायच्या बेतात आहे. स्टीलच्या कारखान्यातून रिटायर झाल्यापासून काकांचा एकच ध्यास होता: सरकारदरबारी या जागेची नोंद व्हावी, म्हणजे घळीत येऊ घातलेली टाऊनहाऊस थांबतील.

रोज चहाला हाच विषय. फूल दिसतं कसं, असं विचारलं की म्हणत, "दाखवलं की गेलं, बाबा. लोक खणून नेतात." फोटोसुद्धा दाखवला नाही. टोरोंटोचा मुलगा फोनवर म्हणायचा, "बाबा, इट्स अ वीड. तण आहे ते." काका फोन ठेवून द्यायचे.

मे महिन्यात काकूंचं वर्षश्राद्ध आलं. कित्येक वर्षांच्या अर्जांनंतर, नेमक्या दुसऱ्या दिवशी पाहणीला सरकारी खात्याच्या बाई येणार होत्या. काकूंच्या फोटोला दुकानातली, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली फुलं वाहणं मला बरं वाटेना. सकाळीच मागच्या दारानं घळीत उतरलो. पिवळी फुलं दिसली. पावसानं माती भुसभुशीत झाली होती. ओढली तशी दोन्ही रोपं मुळासकट हातात आली.

काका अंघोळ करून आले आणि फोटोसमोर बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, काकूंची आठवण आली.

"पिवळी तिला आवडायची," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या, तासाभरात गेल्या. काकांची ग्रोसरीची पिशवी खुंटीवरच राहिली. पुढे घळीत मोजणीचे खुंटे ठोकले गेले. काका विषयच काढेनात, आणि विचारायचं मला धाडस झालं नाही.

काल टेबलावर एक सरकारी पाकीट उघडं होतं. आतल्या कागदावर फुलाचा फोटो. तो मी पहिल्यांदाच पाहिला. खाली लिहिलं होतं: या जागेवरून नामशेष. कारण, श्री. देवधर यांच्या सांगण्यानुसार: हरणं.