गाठी सोडल्या त्या दिवशी

आमच्या घरात एक नियम आहे. पोटुशी बाई घरात असली की घरात एकही गाठ ठेवायची नाही, बाळाची वाट अडते. का अडते, ते विचारायचं नाही.

मी विचारलं. (बात्तामबांगच्या कॉलेजात चार वर्षं मासे आणि पाण्यातले जीव शिकून आलेय. एवढं शिकून विचारायचंच नाही, तर शिकले कशाला?)

आजीने सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली. "तुझ्या वेळी तुझी आई वेणी सोडायला विसरली होती, रोम्दुल. बघ, पायाकडून आलीस. अजून तशीच उलटी चालतेस."

मालिस वहिनीला आज आठवा महिना लागला होता. म्हणजे गाठी आजच सुटायच्या होत्या. आणि नेमकं आजच थुन काका वस्तीतल्या तीन म्हाताऱ्यांना घेऊन आमच्या घरी बसायला आले होते. पाणसापांची जाळी पाण्यात कधी उतरवायची ते ठरवायला. आमची सगळी वस्ती तोन्ले साप नावाच्या सरोवरावर तरंगते, आणि तिथे काकांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. पकडलेले साप सुसरींच्या फार्मवर जातात, सुसरींच्या पोटात.

"तीन आठवडे थांबा," मी महिनाभर सांगत होते. "माद्या पोटुशा आहेत. पिल्लं होऊ द्या, मग पकडा. नाहीतर पुढच्या वर्षी जाळ्यात नुसतं पाणी येईल."

"साप अंडी घालतो, चिखलात," काका म्हणायचे. "पोटात असते ती चरबी. हे कॉलेजात नाही शिकवलं?"

आता बोलून उपयोग नव्हता, पुरावा हवा होता. म्हणून मी एक जाडजूड पट्टेरी मादी पकडून खारवलेल्या माशांच्या रिकाम्या मडक्यात ठेवली होती. वर फडकं, फडक्यावर दोरी, दोरीला गाठ. मडकं तांदळाच्या पोत्यामागे. माहीत फक्त वहिनीला. (चावतो हा साप, पण चिमटा काढल्यासारखा. त्याहून आजी जास्त जोरात काढते.)

चहा झाला. आजी कामाला लागली. मच्छरदाणी सुटली, कोंबडीच्या पिंजऱ्याचं दार सुटलं. झोळी सुटली, आणि झोळीत डुलक्या घेणारे एक आजोबाही सुटले.

"थुन, तुझी लुंगी," आजी म्हणाली.

"माझी? मी काय बाळंत होणार आहे?"

"गाठ ती गाठ. सोड."

वस्तीचा शेवटचा शब्द मुकाट्याने उठला, गाठ सोडली आणि एका हाताने लुंगी धरून बसला.

माझा संयम संपला. "मग घराची दोरीही सोड ना, आजी! मोठ्ठी गाठ आहे ती!"

आजी माझ्याकडे बघतच राहिली. "पोरगी कधी नव्हे ते शहाण्यासारखं बोलली," म्हणाली आणि मागच्या पडवीत गेली.

मी लक्ष दिलं नाही, कारण तेवढ्यात पोत्यामागून वहिनीने हाक मारली. "रोम्दुल, लवकर ये गं!"

तिने फडक्याची कड जराशी उचलून धरली होती. मडक्याच्या तळाशी मादी पडली होती, आणि तिच्या बाजूला पातळ पडद्यात गुंडाळलेलं काहीतरी हललं. पडदा फाटला. एक इवलंसं डोकं वर आलं, जीभ काढून त्याने जग चाखून बघितलं. मग दुसरं आलं, मग तिसरं. अकरा झाली, तेव्हा मादीने अंग सैल सोडलं.

वहिनी केव्हाची माझा हात धरून होती. गेले दोन महिने ती रात्री झोपत नव्हती, हे मला माहीत होतं.

"हिच्या तर डोक्यावरच गाठ होती," ती हळूच म्हणाली. "तरी झालं."

"तुझंही होईल, वहिनी."

"तू असशील ना जवळ?"

"असेन. भांडत असेन, पण असेन."

ती हसली आणि डोळे पुसायला लागली. मी धावत बाहेर गेले. पुरावा जन्मला होता! मडकं आधी उचलून आणावं, एवढं साधं मला सुचलं नाही. मला आधी भाषण करायचं होतं.

"काका, आजोबा, आज तुम्हाला सत्य दिसणार आहे!" मी सुरू केलं. सत्य अंडी घालत नाही, इथवर पोचले तोवर आजी गाठी शोधत पोत्यामागे पोचली होती. वहिनीचे डोळे पुसून होईपर्यंत तिने दोरी सोडलीही. आत बघायची तिला गरज वाटली नाही. मडकं खारवलेल्या माशांचं, पाहुणे समोर भाताला बसलेले. ती मडकं घेऊन आली आणि तिने ते काकांच्या ताटात कलंडवलं.

सत्य बाहेर आलं. अकरा तुकड्यांत.

पुढचं नीट सांगता येत नाही. एक आजोबा झोळीवर चढायला गेले, पण झोळी कुठे होती? आजी ओरडत होती, "माझा मासा जिवंत झाला!" काकांना दोन्ही हातांची गरज होती आणि एकच मोकळा होता. मी मडकं हिसकावून छातीशी धरलं. पिल्लांची आई अजून आतच होती.

"थांबा," काका अचानक म्हणाले. "ते समोरचं दुकान कुठे चाललंय?"

आम्ही सगळ्यांनी बघितलं. दुकान खरंच चाललं होतं. त्याच्या मागोमाग शाळाही चालली होती.

"दुकान नाही जात," वहिनी म्हणाली. "आपण जातोय."

पाहुण्यांच्या होड्याही सुटल्या होत्या. (आजी काम अर्धवट सोडत नाही.) वाऱ्याने आम्हाला वस्तीबाहेर नेलं आणि थेट बुडालेल्या झाडांत घुसवलं. खिडकीतून एक फांदी आत आली, घर थांबलं.

फांदीवर एक पिल्लू होतं. खाली, पाण्यातल्या पालापाचोळ्यात आणखी होती. जिथे बघावं तिथे करंगळीएवढी पट्टेरी पिल्लं डोकं वर काढून आमच्याकडे बघत होती.

काका कठड्यावर वाकले. "चाळीस वर्षं जाळी टाकतोय," ते पुटपुटले. "आत कधी आलोच नाही मी." त्यांचा आवाज इतका मऊ मी कधी ऐकला नव्हता. मला वाटलं, जिंकले.

मग ते सरळ उभे राहिले. "चला, बरं झालं. जाळी उद्या इथेच लावू. ती मादी दे इकडे, फार्मवाल्याची होडी संध्याकाळी येईल."

"नाही," मी म्हणाले.

"काय?"

"देणार नाही. बाळंतीण आहे ती. आणि तीन आठवडे इथे जाळं लागणार नाही. लावलंत, तर मी स्वतः येऊन त्याची गाठ न गाठ सोडीन. गाठी सोडायला मला आजीनेच शिकवलंय."

सगळे गप्प झाले. काका, तिन्ही आजोबा, आजीसुद्धा. कुणी पापणी हलवेना. मी मान ताठ केली आणि ती शांतता पोटभर ऐकली.

त्या वर्षी जाळी तीन आठवडे उशिरा उतरली. मी त्याचं श्रेय माझ्या भाषणाला देते. वहिनीच्या मते ते बाराव्या पिल्लाचं आहे. ते मडक्यात मागाहून जन्मलं होतं आणि त्या वेळी माझ्या खांद्यावरून हळूहळू कानाकडे चढत होतं, आणि मला ते कुणी सांगायचं, हे कुणालाच ठरवता येत नव्हतं.