हकीकत बेसगिटारीच्या रिकाम्या गादीची, मुक्काम मुलुंड

प्रथम नमन श्रीगजाननास, दुसरे गुरुजनांस, तिसरे मुलुंडच्या वीजपुरवठ्यास, की ज्यावाचून या हकीकतीतील निम्मी वाद्ये मुकी. साहेबी आज्ञा केली की, श्यामरंग मेलडीज या नामांकित वाद्यवृंदातील बेसगिटारीची गादी रिकामी पडली, ती वेसाव्याच्या कोळीवाड्यातील विनिताबाईंनी कैशी काबीज केली, आणि त्या कामी कोणाचे काय खर्ची पडले, हे साद्यंत लिहिणे. त्यास आज्ञेप्रमाणे लिहिले असे. पदरचे घातले नाही. घातले असल्यास फार नाही.

मोहिमेस निघणाराने आधी लाभाचा अदमास करावा, म्हणोन तो प्रथम. गादी हाती आल्यास विनिताबाईंस काळा कोट एक मिळणार, त्याचे खिशावर सोनेरी धाग्याने वाद्यवृंदाचे नाव. आणि फलकावर बाईंचे नाव बारीक अक्षरी, फोटोसहित. आणि वाद्यवृंदाच्या रौप्यमहोत्सवी जलशास नाट्यगृही तिसऱ्या रांगेच्या प्रवेशिका दोन. पैकी कोटाची हाव बाईंस नव्हती, आणि फोटो त्यांचा जन्मात चांगला आला नव्हता. सारा जीव गुंतला तो तिसऱ्या रांगेत.

कारण ऐसे की, बाईंच्या मातोश्री मंजुळाबाई, मासळीबाजारी तीस वर्षे ज्यांची बैठक, त्यांनी लेकीचे वाजविणे कधी ऐकिलेच नव्हते. ऐकिले नव्हते म्हणजे, ऐकू आले नव्हते. विनिताबाई चुलतभाऊ परेश याचे हळदीच्या बँडात सहा वर्षे चाकरीस होत्या, आणि हळदीच्या मांडवात बेसचा नाद लोकांचे पोटात शिरतो, पाय हलवितो, परंतु तो कोणी काढिला हे कोणी पुसत नाही. मातोश्रींचा समज ऐसा की, लेक गरिबीमुळे अपुरी गिटार वाजविते.

"चारच तारा हायेत तुझ्या गिटारीला," त्या म्हणत. "बाकीच्यांच्या सहा. दोन लावून घे की, मी पैसे देते."

"आई, हिला चारच असतात."

"बरं बाई," असे म्हणोन मातोश्री पापलेटाकडे वळत, आणि त्यांस ते पटलेले नसे. सबब, आईने एकवार खुर्चीवर बसावे, सभोवार शांतता असावी, आणि आपली लेक कामाची वादक आहे हे तिने आपल्या कानांनी जाणावे, इतुकाच विनिताबाईंचा हेत.

आता गनिमाकडील वर्तमान. श्यामरंग मेलडीजचे खासे मालक व गायक श्यामसुंदरराव, उमर सदुसष्ट, विमा कचेरीतून निवृत्त, जुनी सिनेगीते गाऊन ठाण्यापासून कांदिवलीपर्यंत मुलूख मारिलेला. त्यांचे जरीपटक्यावर, म्हणजे स्टेजमागील फ्लेक्सवर, बिरुद लिहिलेले: सर्व गाणी मूळ पट्टीत. पट्टी म्हणजे गाणे ज्या उंचीवरून गावयाचे ती उंची. सिनेमात ज्या पट्टीत गाणे ध्वनिमुद्रित जाहले त्याच पट्टीत आम्ही आजही गातो, वय झाले म्हणोन उतरत नाही, हा श्यामसुंदररावांचा डौल, आणि यावरच मुलुंडकरांची त्यांजवर निष्ठा. बेसच्या गादीवर चौदा वर्षे मधुकरराव होते. ते लेकीकडे नाशकास कायमचे गेले, आणि गादी रिकामी जाहली. मग पवईचा एक इंजिनियर चालून आला, मग बोरिवलीचा एक, मग घाटकोपरचा एक. तिघेही कसलेले, आणि तिघेही पाव घटकेत परत रवाना. कारण बाहेर फुटले नाही.

विनिताबाईंचा अर्ज मंजूर होऊन चाळीस गाण्यांची यादी फोनवर आली. बाई अंधेरीस एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासण्याचे कामी. एकोणीस दिवस नमुने यंत्रात फिरत असता बाईंचे कानी गाणी फिरत होती, आणि बिरुदावर भरवसा ठेवून प्रत्येक गाणे मूळ पट्टीत, केसाचा फरक न ठेविता बसविले.

मग मार्गशीर्ष मासी रविवारी दोन प्रहरी रिक्षा करून कूच केले. मातोश्री संगे निघाल्या. बाईंनी नको म्हणितले, त्यास मातोश्रींचे उत्तर की, "मी येणार. बघू तरी कसली माणसं." पवईस तलावापाशी रस्ता खोदलेला, तेथे अर्धी घटका मुक्काम पडला. गिटार उभी, मायलेकी आडव्या, ऐशा अवस्थेत मुलुंड पूर्वेस पोहोचल्या.

दरबार सोसायटीच्या क्लबहाउसात भरला होता. टेबलटेनिसचे मेज दुमडून भिंतीस लाविले, आणि त्यापुढे श्यामसुंदरराव गळ्यास मफलर, हाती गरम पाण्याचा थर्मास, ऐसे विराजमान. उजवे हाती कीबोर्डावर देवव्रत ऊर्फ देवा, त्यांचे शाळेपासूनचे मित्र व पंचवीस वर्षांचे दिवाण. या कीबोर्डाच्या इवल्या स्क्रीनवर काळी चिकटपट्टी लाविलेली, ती का, हे पुसण्याचा रिवाज नव्हता. मागे तोफखान्यावर, म्हणजे ड्रमवर, हर्षद. मंजुळाबाईंस प्लास्टिकची खुर्ची व चहा दिला.

श्यामसुंदररावांनी फर्माविले की, यादीतील सातवे गाणे, काळी तीन. काळी तीन हे त्या पट्टीचे नाव, आणि विनिताबाईंनी ते गाणे काळी तीनमध्येच पाठ केले होते. बोटे गिटारीच्या दांड्यावरील नवव्या पडद्यावर ठेविली, हर्षदने चार ठोके दिले, आणि सर्वांनी एकदम चाल केली. तो काय प्रलय वर्णावा. कीबोर्ड एकीकडे, बेस भलतीकडे, दोघांमधून गाणे ऐसे चिरडले की खालचे मजल्यावरचे कुत्रे भुंकू लागले. श्यामसुंदररावांनी हात वर केला. तोफा थांबल्या.

"कोण बेसूर वाजतंय?" त्यांनी डोळे न उघडिता पुसले.

"मी नाही, काका," हर्षद म्हणाला. "मला सूरच नसतो."

विनिताबाईंनी पाहिले तो देवव्रतांची बोटे काळी तीनवरच होती, परंतु निघालेला नाद काळी दोनचा, म्हणजे मधल्या दोन पांढऱ्या मोजिता चांगला तीन पट्ट्या खालचा. यंत्र एक दाखविते आणि नमुना दुसरेच सांगतो, हा प्रकार बाईंस लॅबमध्ये नित्याचा. त्यांनी तात्काळ ओळखिले की, कीबोर्डास बटणाने तीन पट्ट्या उतरवून ठेविले आहे, आणि उतरविल्याचा आकडा त्या चिकटपट्टीखाली दडला आहे. मधुकरराव तारा घरूनच सैल करून येत असले पाहिजेत, आणि जाताना हे गुपित कोणाचे हवाली न करिता गेले. मागले तिघे कोठे बुडाले हेही उमगले.

देवव्रतांनी मान वर केली. त्यांचे मुखावर ऐसा भाव की, चोरी सापडली आणि चोरी दुसऱ्याचे भल्यासाठी केलेली. श्यामसुंदररावांचे गळ्याच्या शिरा त्या उतरलेल्या पट्टीतही तटतटल्या होत्या. मूळ पट्टीत तो गळा दुसऱ्या ओळीस पोहोचता ना. आणि मागे फ्लेक्सवर बिरुद झळकत होते.

खरे बोलावे तर सोपे होते. फोनवर सूर मोजण्याचे साधन होते, ते उघडून दाखविता बाई निर्दोष ठरत्या, आणि पाच वाजेतो वेसाव्यास घरी पोहोचत्या. शेजारी मातोश्री चहाचा कप हाती धरून पाहत होत्या.

"माझंच चुकलं, काका," विनिताबाई म्हणाल्या. "हात घसरला. परत घेऊ या?"

मातोश्रींनी कप खाली ठेविला.

"अगं, कान हवा, कान," श्यामसुंदरराव म्हणाले. "बेस म्हणजे पाया. पाया हलला की मी वर कितीही सुरात असलो तरी उपयोग काय?"

"हो, काका."

"हळदीत चालून जातं हे. तिथे कुणाला कळतंय? इथे लोक तिकीट काढून बसतात."

"हो, काका."

"आमच्याकडे मूळ पट्टी म्हणजे मूळ पट्टी. पंचवीस वर्षं इकडची तिकडे झालेली नाही. विचार देवाला."

देवव्रतांनी चिकटपट्टीवरून बोट फिरविले आणि म्हणाले की, झालेली नाही. ऐशा रीतीने तोफा डागणे वीस मिनिटे चालले, आणि विनिताबाईंनी तेरा वेळा होकार भरिला. मग हात नवव्या पडद्यावरून सहाव्यावर, म्हणजे तीन पट्ट्या खाली, आणिला, आणि गाणे ऐसे उभे राहिले की हर्षदने काठी फिरवून झेलली. त्यामागे आणखी अकरा गाणी घेतली. प्रत्येक गाणे मनात तीन पट्ट्या उतरवावे आणि चेहऱ्यावर दिसू देऊ नये, ऐसी दुहेरी लढाई बाई लढल्या, आणि एकही सूर हुकला नाही. अखेरीस श्यामसुंदररावांनी थर्मासचे टोपण लाविले आणि गादी बहाल केल्याचे जाहीर करून प्रवेशिका दोन स्वहस्ते दिल्या.

मग वायरी गुंडाळते समयी देवव्रत जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "कळलं ना तुला?"

"हो."

"त्याच्या बायपासनंतर एक उतरवली. मग दुसरी, मग तिसरी. त्याला पत्ता नाही गं. पट्टी उतरली हे कळलं तर गाणं सोडेल तो. श्यामला कळता कामा नये. घरीसुद्धा बोलू नकोस, बाहेर फुटायला वेळ लागत नाही."

विनिताबाईंनी शपथ घेतली.

पुढे जिन्यात चपला घालिते समयी श्यामसुंदररावांनी गाठिले. मागेपुढे पाहून म्हणाले, "खरं सांग. कुठल्या पट्टीत वाजवलंस?"

"तुम्ही सांगितलीत त्याच."

श्यामसुंदरराव हसले. "शाबास. मागच्या तिघांनी देवासमोर सगळं काढलं. पोरं हुशार होती, मी त्यांनाच बेसूर ठरवून घालवलं, पण देवाचं तोंड एवढंसं झालं. आठ वर्षं जपतोय बिचारा. मला कळत नाही असं वाटतं त्याला. अगं, माझा गळा, मला नाही कळणार?"

"मग त्यांना सांगत का नाही?"

"सांगितलं तर त्याला वाटेल आठ वर्षं मी त्याची गंमत बघितली. मघाशी तुला जरा जास्तच बोललो, राग मानू नकोस. गप्प बसलो असतो तर त्याला संशय आला असता. हे कुणाला सांगायचं नाही हं. आईलाही नाही."

विनिताबाईंनी दुसरी शपथ घेतली. खाली गाडीत ड्रम भरीत हर्षद उभा होता, तो पाहताच म्हणाला, "दोघांनी घातली ना शपथ? मला पण घातलीये. वेलकम यार."

परतीचे वाटेस रिक्षाने पवई ओलांडिली, मातोश्रींनी पदर सावरिला. मग म्हणाल्या, "चांगली माणसं हायेत."

"हं."

"एवढी चुकलीस तरी ठेवून घेतलं. मनाने मोठी. त्या काकांचं ऐकत जा, रोज बस जरा शिकायला. नाय कोणी असं चारचौघांत प्रेमाने सांगत."

विनिताबाईंनी तोंड उघडिले. एक शपथ एके बाजूस आडवी आली, दुसरी दुसऱ्या बाजूस, आणि तोंड पुनः मिटले.

"पासं दोन मिळाली ना?" मातोश्रींनी पुसले. "मी एकटीच येते. बाजारातल्या बायांना नाय आणत. परत चुकलीस तर त्या वर्षभर बोलतील."

"बरं, आई."

"आणि घाबरू नको. चुकलीस तरी मी टाळ्या वाजवीन."

येणेप्रमाणे मुलुंडची मोहीम फत्ते जाहली आणि बेसगिटारीची गादी वेसाव्याकडे आली, ते दप्तरी दाखल केले असे. खर्चाचा तपशील: श्यामसुंदररावांचा मान राहिला, त्यांस खर्च नाही. देवव्रतांचे मन राहिले, त्यांस खर्च नाही. हर्षदची नुकसानी एक काठी, ती झेलिता सुटून खिडकीबाहेर गेली, म्हणजे आधी जी झेलली म्हणोन लिहिले ती पहिली, ही दुसरी. मंजुळाबाईंनी आपले पदरची माया खर्चिली, आणि ती कशावर खर्चिली हे त्यांस ठाऊक नाही. बाकी सर्व रक्कम विनिताबाईंचे नावे पडली: जिने ऐकावे म्हणोन गादी घेतली, तिच्या लेखी त्या कायमच्या कच्च्या वादक ठरल्या, आणि खुलाशाची वाट दोन्ही तोंडांनी बंद. जलशाचे दिवशी बाईंनी सत्तावीस गाणी वाजविली, एकही चूक न करिता. तिसऱ्या रांगेत एक खुर्ची रिकामी होती, आणि तिच्या शेजारच्या खुर्चीवर प्रत्येक गाण्यास, संपण्यापूर्वीच, कोणी लेकीस सांभाळून घेत टाळ्या वाजवीत होते.