केशरबाई काल वारल्या

"पातूरच्या लेण्यांत ज्या साधकांनी तप केले, त्यांनाही क्षुधा लागत असेलच..." उद्धव गुरुजींनी एवढं वाचलं आणि बुधाजीनं हात वर केला.

"गुरुजी, हे आपल्या हाटेलाचंच हाय ना?"

"तुमच्याच. इतिहास म्हटला की मुळापासून धरावा लागतो."

"मूळ जिनिंगच्या फाटकापाशी हाय. लेण्यात काहून गेले तुमी?"

गुरुजी निवृत्त शिक्षक होते. अकोल्याच्या जुन्या शहरात बुधाजीच्या 'नवजीवन उपाहारगृहा'त रोज दोन सांभारवड्या खाणं एवढाच उद्योग त्यांना उरला होता. सांभार म्हणजे पुण्यामुंबईकडची कोथिंबीर. ती चिरून, खसखस-खोबरं घालून, बेसनाच्या पारीत गुंडाळून तळायची. या एका वडीवर बुधाजीची अकोल्यात, बार्शीटाकळीत आणि पातुरात अशी तीन हॉटेलं उभी राहिली होती. चौथं येत्या गुरुवारी अमरावतीत उघडायचं होतं. चार गावांत वाटायला एक पत्रक हवं होतं, आणि ते लिहायला गुरुजी आपण होऊन पुढे आले होते.

गुरुजी वाचत राहिले. लेण्यांनंतर वऱ्हाडची काळी माती आली, मग कापूस आला, आणि दुसऱ्या पानावर "श्री. बुधाजी यांची दूरदृष्टी, व तिला लाभलेली गृहलक्ष्मीची साथ" आली.

"हे गृहलक्ष्मी कोन?" बुधाजीनं विचारलं.

"तुमच्या मंडळी."

"तिले नाव व्हतं."

"अहो, जाहिरातीत बायकांचं नाव बरं दिसत नाही."

"मंग जाहिरातच नको."

बुधाजी कमी बोलायचा, पण असं बोलला की पुढं बोलणं नसायचं. बावन्न साली केशर टोपलीत वड्या घेऊन जिनिंगच्या फाटकापाशी बसली, तेव्हा तो आत कापसाच्या गाठी वाहत होता. त्यानं दूरदृष्टी वगैरे काही दाखवली नव्हती. उलट "कोन खाईन आपल्या हातचं?" असं म्हणाला होता. लोकांनी खाल्लं. छपन्न साली दोघं नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आली, नंतर दुकान टाकलं, तरी लोकांनी खाल्लं. कोणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बुधाजीनं सांगितलं असतं. पण वडी इतकी चांगली होती की विचारणं कोणालाच परवडण्यासारखं नव्हतं.

एकसष्ट साली केशर गेली. तीन वर्षं झाली.

"बरं, नाव टाकतो," गुरुजींनी टाक उचलला. "कै. केशरबाई."

"कै. नको. आमी कैलासात जानं सोडलं. कालकथित लिहा."

"असा शब्द आहे?"

"नवा हाय. आमच्यात तसंच लिहितेत आता."

गुरुजींनी समासात, उरलेल्या जागेत, बारीक अक्षरात लिहिलं: 'या वडीच्या मूळ कर्त्या कालकथित केशरबाई होत.' बुधाजीनं ते ओठ हलवत दोनदा वाचलं. त्याला पत्रकात एवढी एकच ओळ हवी होती. बाकीची लेणी गुरुजींची.

छापखान्यात हा कागद नत्थुजीच्या हातात पडला. नत्थुजी तीस वर्षं खिळे जुळवत होता, आणि लोकांच्या चुका त्यांना न विचारता दुरुस्त करायचा. त्यानं समासातली ओळ दिव्याजवळ नेऊन पाहिली. कालकथित! असा शब्द त्यानं तीस वर्षांत जुळवला नव्हता. मास्तर म्हातारे झाले, घाईत काहीतरी खरडलं असेल, असं म्हणून त्यानं ओळ नीट केली: 'या वडीच्या मूळ कर्त्या केशरबाई काल कैलासवासी झाल्या.' वाचल्यावर त्यालाच वाईट वाटलं. एवढी मोठी बातमी आणि समासात? त्यानं ती सगळ्यांत वर घेतली, ठळक खिळ्यांत, भोवती काळी चौकट. चौकटीला जागा लागली, म्हणून लेणी काढून टाकली. दोन हजार प्रती झाल्या आणि गठ्ठे सकाळच्या एसटीनं चारी गावांना रवाना झाले.

पत्रकावर तारीख नव्हती. त्यामुळे अकोल्यात सोमवारी वाटलं तर केशरबाई रविवारी वारल्या, पातुरात मंगळवारी वाटलं तर सोमवारी, आणि बार्शीटाकळीच्या बाजारात बुधवारी हातात पडलं त्यांच्या हिशेबानं मंगळवारी.

सोमवारी सकाळी बुधाजी तोंड धुऊन बाहेर आला तर गल्लीत माणसं उभी. पुढे बंडू वकील. साठी उलटली तरी गाव त्यांना बंडू वकीलच म्हणत असे. त्यांच्या हातात चांगला जाड हार होता.

"बुधाजी, फार वाईट झालं."

"काय झालं?"

वकिलांनी मागं वळून लोकांकडे पाहिलं. "धक्का बसला आहे," ते हळूच म्हणाले. मग मोठ्यानं, "केशरबाईंचं कधी झालं?"

"तीन वर्सं झाली."

"होतं असं. माणूस गेलं की एक दिवस वर्षाएवढा वाटतो."

"नाई हो, वकीलसाहेब. खरंच तीन वर्सं झाली."

"आणि अंत्यविधी?"

"झाला."

"इतक्या लवकर? आम्हांला कळवायचं तरी!"

"कळोलं व्हतं," बुधाजी म्हणाला. "तवाच."

कळवलं होतं खरंच. केशरच्या मातीला अकरा माणसं आली होती. त्या दिवशी दुकानाच्या फळ्या लावलेल्या होत्या, तर बाहेरून थाप मारून कोणी विचारलं होतं, वडी किती वाजता मिळेल. तो आवाज बंडू वकिलांचा होता की दुसऱ्या कोणाचा, हे बुधाजीनं कधी नक्की केलं नाही.

आता गल्लीत चार सायकल-रिक्षा आणि एक मोटार होती. बुधाजीची मुलगी शालू तांब्याभांडं घेऊन बाहेर आली. "पानी घ्या काका."

वकिलांनी हात जोडले. "नको बेटा. सुतकाच्या घरचं घेत नसतात."

"आमच्यात सुतक नाई पाळत आता," बुधाजी म्हणाला.

"आम्ही पाळतो ना."

शालूनं तांब्या आत नेला. तिनं खाली पडलेलं एक पत्रक आणून बापाच्या हातात दिलं. बुधाजीनं ते ओठ हलवत वाचलं. मग खाली बसला. बसला तसा कोणीतरी त्याच्या गळ्यात हार घातला, मग तो हार गेलेल्या माणसाला असतो हे लक्षात येऊन काढून घेतला, आणि फोटो कुठे आहे असं विचारलं. केशरचा फोटो कधी काढलाच नव्हता. हार खुंटीला अडकवला.

मंगळवारी दुपारी पातूरचं हॉटेल सांभाळणारा मोतीराम एसटीनं येऊन थडकला.

"भाऊ, मले तं वैनीच्या मातीला आल्याचं चांगलं आठोते. पन हे छापलेलं हाय! मी दुकान बंद करून आलो."

"तू खांदा देल्ला व्हता, मोत्या."

"तेच तं म्हनून राहिलो. मी खुळा झालो का पत्रक?"

ते ऐकून बार्शीटाकळीचंही बंद झालं. संध्याकाळी अमरावतीचा निरोप आला. तिथं पत्रकातली वरची चौकट आणि खालची 'गुरुवारी शुभारंभ' ही ओळ लोकांनी एकाखाली एक वाचली होती. बायको काल गेली आणि हा गुरुवारी दुकान खोलून राहिला, कसला माणूस म्हणायचा हा! मांडववाल्यानं मांडव सोडला होता. फीत कापायला येणारे पाहुणे म्हणाले होते, दु:खाच्या प्रसंगी आम्ही कात्री धरत नाही.

तेवढ्यात उद्धव गुरुजी धापा टाकत आले.

"बुधाजी, घात झाला! माझी लेणी काढून टाकली!"

"गुरुजी, वरचं वाचा."

गुरुजींनी वरचं वाचलं आणि पायरीवर बसले. "दुरुस्ती छापू. उद्याच. 'केशरबाई काल वारल्या नाहीत.'"

"मंग लोक समजतीन जिती हाय."

"तर मग, 'केशरबाई पूर्वीच वारल्या आहेत.'"

"म्हंजे मंग आता पत्रक काहून काढलं, धंद्यासाठी काढलं का, असं म्हनतीन," मोतीराम बोलला.

गुरुजींनी पाच वाक्यं लिहिली आणि पाच खोडली. त्यांच्या उभ्या आयुष्यात व्याकरणानं त्यांना असा दगा दिला नव्हता. शेवटी बुधाजी म्हणाला, "राहू द्या. तिचं नाव तं छापलं ना मोठ्या अक्षरात? दोन दिवसांनी दुकान खोलू. वडी खाल्ली का लोक इसरतेत. मांगच्या खेपेले एका दिवसात इसरले व्हते."

गुरुवारी अमरावतीचं राहिलं आणि बाकीची तिन्ही उघडली. पहाटे बुधाजीनं सारण केलं. केशर गेल्यापासून तोच करत होता: तेच खोबरं, तीच खसखस, तोच सांभार. तिन्ही गावांना त्याच्याच हातचं सारण जात होतं. गेल्या शनिवारपर्यंत लोक बोटं चाटत होते.

अकोल्यात बंडू वकिलांनी पहिला घास घेतला. डोळे मिटले. मान हलवली आणि बशी पुढं सारली.

"नाही बुधाजी. गेली ती चव."

शेजारच्या बाकावरचा कापसाचा दलाल म्हणाला, "घास तोंडात घेतला तसंच कळलं बाप्पा. हात गेला तो गेलाच."

"मी बोलणार नव्हतो," गुरुजी म्हणाले, "पण खोबरं लागत नाही पूर्वीसारखं."

दुपारी मोतीराम पातूरहून अर्धी टोपली परत घेऊन आला. "सारे एकच म्हनून राहिले भाऊ. वैनी गेली अन् वडी बिघडली. आता मालाचं काय करू?"

बुधाजीनं टोपलीतली एक वडी उचलली आणि उभ्यानंच खाल्ली. गेल्या शनिवारी होती तीच होती. तीन वर्षं तो रोज सकाळी एक चाखत होता, आणि रोज त्याला कळत होतं की ही केशरची नाही. पहिल्या दिवशी त्यानं शालूला विचारलं होतं. ती म्हणाली, तशीच झाली बाबा. मोतीरामला विचारलं, तो म्हणाला, एक नंबर. गिऱ्हाइकांनी तर दुसरी मागितली होती. तेव्हा त्याला वाटलं होतं की केशरनं जन्मभर खपून जे केलं, ते कोणीही करू शकत होतं.

"काय म्हणता बुधाजी?" वकिलांनी विचारलं. "खरं आहे की नाही?"

"हौ वकीलसाहेब," बुधाजी म्हणाला. "खरं हाय. गेली."

आणि तो कढईमागच्या पोत्यावर बसून, तोंडात घास तसाच ठेवून, धाय मोकलून रडायला लागला.

बंडू वकिलांनी धोतराला हात पुसले आणि दलालाकडे वाकून म्हणाले, "पाहिलं? बायको गेली तेव्हा डोळ्यात टिपूस नव्हतं. धंदा बसला तर पाहा कसा रडून राहिला."