शिरवळची रेकी

खरं सांगायचं तर मी फक्त एक दिवस रजा टाकली. पुढं जे झालं त्यात माझा हात नव्हता (तोंड मात्र होतं).

त्याचं असं झालं, की आमच्या संयोगिताला शिरवळच्या एका कंपनीतून इंटरव्ह्यूचा कॉल आला. संयोगिता म्हणजे माझी बायको. बी.एस्सी. केमिस्ट्री. साताऱ्यातल्या एका मसाल्याच्या कारखान्यात ती तिखटातली भेसळ शोधायची. तो कारखाना मागच्या वर्षी बंद पडला आणि तिची बुद्धी घरात मोकळी सुटली. गवळ्यानं दुधात काय घातलं, वाण्यानं डाळीला काय चोळलं, मी येताना बाहेर काय खाल्लं, सगळं तिला दारातच कळायचं. तेव्हा तिला नोकरी लागावी ही इच्छा माझीही कमी नव्हती.

पण चेष्टा बाजूला. वर्षभर ती अर्ज करत होती आणि वर्षभर 'कळवतो' ऐकत होती. हा कॉल आला त्या दिवशी पोळ्या लाटताना ती कितीतरी महिन्यांनी गुणगुणली. ते ऐकून मी ठरवलं, आपण हिला जमेल ती सगळी मदत करायची. (इथंच घोटाळ्याला सुरुवात झाली.)

तयारीसाठी कुंडलहून माझे सासरे, नाथाजीमामा, स्वतःहून आले. मामा रिटायर्ड सुभेदार. आल्या आल्या त्यांनी संयोगिताला हॉलच्या मधोमध खुर्चीवर ताठ बसवलं आणि सरावाचा इंटरव्ह्यू सुरू केला.

"एक मैल किती वेळात पळशीला?"

"लॅबमध्ये पळायचं नसतं. ॲसिड सांडतं."

"बरं. दुश्मन एकदम म्होरं आला, तर काय करशीला?"

"नमुना घेईन आणि तपासून बघीन."

मामांनी माझ्याकडं बघितलं. "पोरगी पास हाय. सवाल हाय तो रस्त्याचा."

तो सवाल खराच होता. आम्ही साताऱ्यात, कंपनी शिरवळला. उजाडायच्या आत घर सोडायचं, दिवेलागणीला परत यायचं. जाताना खंबाटकीचा बोगदा, येताना घाट. रोज. तिला झेपेल का, घराचं काय, शिरवळला खोली घ्यावी का, यावर आम्ही दोघांनी बरीच चर्चा केली. संयोगिता त्या वेळी नोट्स वाचत होती, त्यामुळं तिचं मत विचारायचं राहून गेलं.

शेवटी मामा म्हणाले, "जावईबापू, फौजेत आदी रेकी करत्यात. तुमी जाऊन रस्ता बगून या."

मी पतसंस्थेत क्लार्क आहे. माझं नाव हंबीरराव असलं तरी मोहिमेवर मला कुणी कधी पाठवलं नव्हतं. मला एकदम स्फुरण चढलं. इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी रजा टाकली आणि सकाळी एसटीनं निघालो.

रस्ता उत्तम होता. मी शिरवळला उतरलो, विचारत विचारत कंपनीच्या गेटवर पोचलो. खरं म्हणजे तिथूनच मागं फिरायचं. पण गेटवरच्या वॉचमननं हाक मारली.

"इंटरव्ह्यू न्हवं?"

"हो, म्हणजे मिसेसचा. उद्या."

"उद्या लेडीजचा हाय. आज जेन्टचा. जावा आत, एसी हाय, च्या मिळंल."

चहाचं नाव काढल्यावर मी फार वाद घालत नाही. आत जाऊन बसलो, चहा घेतला, आणि तेवढ्यात कुणीतरी "चला, पुढचे" म्हणून मला एका खोलीत नेलं. समोर एक मॅडम आणि एक साहेब. मॅडमनी नाव विचारलं. मी म्हणालो, "हंबीरराव ढाणे."

"अनुभव किती वर्षांचा?" साहेबांनी विचारलं.

मला वाटलं, वॉचमननं आत कळवलं असेल की उद्याच्या बाईंचे मिस्टर आलेत. हल्ली कंपन्या घरचा पाठिंबा बघतात म्हणे. लग्नाला झालेली वर्षं मोजून मी म्हणालो, "चौदा."

"एकाच ठिकाणी?"

"एकाच ठिकाणी, साहेब!" मी जरा दुखावूनच म्हणालो.

"कधी अपघात वगैरे?"

"किरकोळ. शब्दाला शब्द लागतो. पण आवाज घराबाहेर गेला नाही."

दोघांनी एकमेकांकडं बघितलं.

"वजन किती उचलता?"

"गॅसची टाकी. आणि दळण."

"रिव्हर्स घेताना काय काळजी घेता?"

"मी एकदा शब्द दिला की रिव्हर्स घेतच नाही."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही माल उचलायची फोर्कलिफ्ट चालवता ना?"

"छे हो! मी क्लार्क आहे. उद्या माझी मिसेस येणार आहे तुमच्या लॅबसाठी. एवढी हुशार बाई तुम्हाला जिल्ह्यात सापडणार नाही. नुसत्या वासावर ती तिखट ओळखते. तिला घ्याच!"

मॅडमचा चेहरा बदलला. "मिस्टर ढाणे, इथं वशिला चालत नाही. शिफारस आणणाऱ्याचा अर्ज आम्ही बाजूला ठेवतो."

परतीच्या एसटीत मला घाट लागला. घाटाचा दोष नव्हता.

घरी मामा दारातच उभे होते. "रिपोर्ट?"

मी संयोगिताकडं बघितलं आणि सगळं सांगून टाकलं. मामांनी डोक्याला हात लावला. संयोगिताच्या हातातल्या नोट्स मिटल्या गेल्या. तेवढं बघून मला खरोखर रडू आलं.

मग तिनं विचारलं, "मॅडम चिडल्यावर ओरडल्या, की हळू बोलल्या?"

"हळू."

"मग ऐकून घेणाऱ्यातल्या आहेत," असं म्हणून तिनं नोट्स पुन्हा उघडल्या. ही बाई कशाची बनवलीय, हे केमिस्ट्रीलाही सांगता यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी काय झालं ते तिनं संध्याकाळी सांगितलं. मॅडमनी अर्जावरचं 'संयोगिता हंबीरराव ढाणे' वाचलं आणि मान वर केली. ही म्हणाली, "मॅडम, आधीच सांगते. काल आलेले ते माझे मिस्टर. तो वशिला नव्हता, त्यांना गप्प बसता येत नाही एवढंच. त्यांचं काहीच धरू नका. नमुना द्या, मी काम करून दाखवते."

त्यांनी हळदीच्या दोन वाट्या पुढं ठेवल्या. हिनं नुसतं बघून अंदाज केला नाही. परीक्षानळी मागितली, शांतपणे तपासणी केली आणि कोणत्या वाटीत रंग मिसळलाय ते पुराव्यासकट दाखवलं. साहेब खूश झाले. शेवटी मॅडमनी विचारलं, "दबावाखाली काम करायची सवय आहे?"

ही म्हणाली, "काल तुम्ही त्यांच्याशी थोडाच वेळ बोललात. माझी चौदा वर्षं झाली."

मॅडम इतक्या हसल्या म्हणे, की बाहेरचा शिपाई पाणी घेऊन आला.

नोकरी मिळाली. आता रस्त्याचं ठरवायला मी आणि मामा कागद घेऊन बसलो. या वेळी संयोगिता समोर येऊन बसली.

"रोज एवढा वेळ गाडीत जाणार तुझा," मी म्हणालो.

"जाऊ दे. तेवढ्या वेळात मला कुणी हाक मारणार नाही. पुस्तक वाचीन, झोपीन, नाहीतर नुसती खिडकीबाहेर बघीन. घरात मला असा वेळ कधी मिळालाय?"

मामा कागदाकडं बघत राहिले. मीही. त्या कागदावर आम्ही किलोमीटर मांडले होते, डिझेल मांडलं होतं, भाड्याच्या खोल्या मांडल्या होत्या. हे कुठंच मांडलं नव्हतं. मामा हळूच म्हणाले, "लय शानी हाय पोरगी," आणि त्यांनी कागदाची घडी घालून ती टोपीखाली ठेवली.

ती रुजू झाल्यापासून मी पहाटे तिला वाढे फाट्यावर कंपनीच्या बसला सोडायला जातो. थंडी असते, म्हणून मी कानटोपी, मफलर आणि मामांचा जुना फौजी स्वेटर घालतो. ती नव्या युनिफॉर्ममध्ये अशी उठून दिसते, की बस सुटेपर्यंत मी तिथंच उभा राहतो.

परवा ड्रायव्हरनं खिडकीतून मान बाहेर काढली. "काका, कशाला एवढ्या थंडीचं येता रोज? लेक आता मोठी झालीया. आमी नीट पोचवतो तिला."

मी संयोगिताकडं बघितलं. म्हटलं, आता ही सांगेल याला.

तिनं बसची काच सरकवली आणि हात हलवला. "जावा आता घरी, बाबा!"